फोन करणाऱ्यानं आधी विचारावं, गाडीवर आहेस का

आमच्याकडं कुणी गावाला निघालं की अर्ध्या तासात पहिला फोन जातो, कुठपर्यंत आलास. मग वीस मिनिटांनी परत, आता कुठंयस. फाट्यावर आल्यावर अजून एक, येताना दही घेऊन ये. हे सगळे फोन मायेचे असतात, काळजीचे असतात, त्यात वाईट काहीच नसतं, पण ते जातात अशा माणसाला जो त्या वेळी साठ-सत्तरच्या स्पीडनं गाडीवर चाललेला असतो, आणि आपल्याला ते माहीत असतं. माहीत असतं म्हणूनच तर आपण विचारतो ना की कुठपर्यंत आलास.

मला या विषयावर लिहायचंय कारण असा एक फोन मी केलेला आहे.

तीन वर्षं झाली. जानेवारी महिना होता, घरी बहिणीचा साखरपुडा, दुसऱ्या दिवशी सकाळचा मुहूर्त. माझा चुलतभाऊ लातूरहून सामान घेऊन मोटारसायकलवर निघाला होता, आमचं गाव औशाच्या पुढं. संध्याकाळचे सात वाजलेले, अंधार पडलेला. मी त्याला तीन फोन केले. पहिला, निघालास का. दुसरा, झेंडूची फुलं घेतली का. तिसरा, आचारी म्हणतोय कोथिंबिरीच्या अजून पाच जुड्या लागतील, तर औशात थांबून घे. तिसऱ्या फोनला तो म्हणला, "गाडीवर हाव भैय्या, बोल की." आणि मी बोललो. तो गाडीवर आहे हे त्यानं सांगितलं, मी ऐकलं, आणि तरी मी बोलत राहिलो, कारण मला कोथिंबिरीची घाई होती. माझं वाक्य अर्धं असतानाच पलीकडं मोठा आवाज झाला आणि फोन बंद पडला. त्याच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या, लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही. फोन त्यानं हेल्मेटच्या आत कानापाशी कोंबलेला होता म्हणजे दोन्ही हात हँडलवरच होते, नजर पण समोरच होती. डोकं हेल्मेटमुळं वाचलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकावा लागला, सहा महिने घरी बसला आणि कंपनीतलं काम गेलं ते गेलंच.

पंचनामा झाला त्यात लिहिलं की दुचाकीस्वारानं पाठीमागून धडक दिली. मोबाईलचा त्यात उल्लेखच नाही. कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. सगळे म्हणायचे ट्रॉलीला लाईट नव्हता, त्याची काय चूक. ते खरं पण होतं. पण मला माहीत होतं की त्या वेळी त्याच्या कानात मी होतो.

आता या आकड्यांकडं बघा. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२१ साली देशात रस्त्यावर १,५३,९७२ माणसं गेली असं आहे, आणि त्यातली मोबाईलच्या वापरामुळं गेलेली १,०४०. म्हणजे शंभरात एक पण नाही. हा आकडा बघून कुणालाही वाटेल की मोबाईलचा एवढा गवगवा कशाला, खरा प्रश्न स्पीडचा आहे, कारण त्याच अहवालात एक लाखाच्या वर मृत्यू वेगाच्या नावावर आहेत. पण हा आकडा तयार कसा होतो ते बघा. अपघात झाला की पोलीस येतात, गाड्या कशा पडल्यात, कुठं ठोकल्यात, रस्त्यावर घासल्याच्या खुणा कुठपर्यंत आहेत हे डोळ्याला दिसतं, ते लिहिलं जातं. दारूचा वास येतो, रक्त तपासता येतं. मोबाईलचा वास येत नाही. मेलेला माणूस सांगत नाही, जिवंत राहिलेला कबूल करत नाही कारण क्लेम अडकेल, केस अंगावर येईल अशी भीती असते, आणि साध्या अपघातात त्या मिनिटाला कॉल चालू होता का हे कंपनीकडनं मागवून बघत बसायला कुणाला वेळ आहे. मग ते सगळं हयगयीनं आणि निष्काळजीपणे वाहन चालवलं या एका वाक्यात जातं. माझ्या भावाचा अपघात त्या १,०४० सारख्या कुठल्याच आकड्यात नाही, आणि असे किती नसतील याचा अंदाज तुम्हीच तुमच्या ओळखीतले अपघात आठवून करा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो. हे काही आजचं नाही, १९९७ साली कॅनडातल्या टोरोंटोमध्ये अपघात झालेल्या चालकांची फोनची बिलं अपघाताच्या वेळेशी ताडून बघितली होती, तेव्हा सुद्धा चौपटच निघालं होतं. आणि त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हँड्सफ्री वापरणारे हातात धरणाऱ्यांपेक्षा सुरक्षित आहेत असं काही दिसलं नव्हतं.

इथं बरेच जण थांबतात, कारण ब्लूटूथ आहे ना मग काय प्रॉब्लेम, असं आपण धरून चाललेलो आहोत. कायदा पण हातात धरलेल्या फोनबद्दलच बोलतो. पण अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं यावर बरीच वर्षं काम केलं, गाडीसारखं यंत्र बनवून त्यात माणसं बसवून, आणि त्यांना असं दिसलं की हँड्सफ्रीवर बोलणारा माणूस समोर बघतो पण त्याला दिसत नाही. डोळे त्या वस्तूवरनं गेलेले असतात, तरी नंतर विचारलं तर तो सांगू शकत नाही की तिथं काय होतं. मला हे वाचल्यावर भावाचं बोलणं आठवलं. दवाखान्यात तो सारखं एकच म्हणायचा, भैय्या मी समोरच बघत होतो, ट्रॉली आली कुठून तेच कळलं नाही. मला वाटायचं अंधारामुळं म्हणत असेल. ट्रॉली कुठून आली नव्हती, ती तिथंच होती, हळूहळू चालली होती.

कुणी म्हणेल की मग शेजारी बसलेल्याशी बोललेलं पण चालायचं नाही. त्याचं पण उत्तर याच संशोधकांनी काढलंय. शेजारी बसलेला माणूस रस्ता बघत असतो. समोर बैलगाडी आली, घाट आला, ट्रक अंगावर आला की तो आपोआप गप्प होतो, किंवा म्हणतो अरे हळू, पुढं बघ. फोनवरच्या माणसाला त्यातलं काही दिसत नाही म्हणून तो बोलतच राहतो, आणि नेमकं जिथं डोकं पूर्ण रस्त्यावर पाहिजे तिथंच त्याचा प्रश्न येतो, तर मग काय ठरलं. मी जर त्या दिवशी भावाच्या मागच्या सीटवर बसलेलो असतो तर ट्रॉली मला दिसली असती आणि मीच ओरडलो असतो. मी वीस किलोमीटरवर बसून कोथिंबीर सांगत होतो.

जरा हिशोब करा. ताशी साठच्या वेगानं गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते, म्हणजे स्क्रीनवर कुणाचा फोन आहे एवढं बघायला तीन सेकंद घातले तर पन्नास मीटर तुम्ही न बघता गेलात. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे, तिथं तेच तीन सेकंद म्हणजे शंभर मीटर. आणि फोन ठेवला की लगेच डोकं रस्त्यावर येतं असंही नाही. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संस्थेच्या फाउंडेशननं २०१५ मध्ये मोजलं होतं की बोलून फोन लावणं, मेसेज सांगणं, गाणं बदलणं असलं काम संपल्यावर सुद्धा लक्ष पूर्ण जागेवर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ जाऊ शकतो. साठच्या वेगानं २७ सेकंद म्हणजे साडेचारशे मीटर. आमच्या गावात फाट्यापासून वेशीपर्यंतचं अंतर पण एवढं नाही.

हे झालं जगाचं. आपल्या मराठवाड्यातले रस्ते वेगळे आहेत आणि आपली लक्ष जाण्याची कारणं पण आपली आहेत. गेल्या दहा वर्षांत रस्ते खूप सुधारले, धुळे-सोलापूर हायवे झाला, तुळजापूर-औसा-लातूर-नांदेड झाला, गावोगावचे जोडरस्ते सिमेंटचे झाले. जिथं आधी खड्ड्यांमुळं तीसच्या वर जाता येत नव्हतं तिथं आता सत्तर-ऐंशीनं गाड्या जातात. पण रस्त्यावर जे चालतं ते बदललं नाही. तीच शेळ्या-मेंढरं, तोच उलट बाजूनं येणारा टमटम, रस्त्यावरच वाळत घातलेलं सोयाबीन, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कारखाने बंद होईपर्यंत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ज्यांच्या मागं साधं लाल रिफ्लेक्टर नसतं. खड्ड्याच्या रस्त्यावर माणूस फोनवर बोलायला लागला तर गाडीच बोलू द्यायची नाही, चांगल्या रस्त्यानं ती सोय काढून घेतली. मांजरसुंब्याचा घाट उतरताना, कन्नडच्या घाटात, मी एका हातानं स्टेअरिंग आणि दुसऱ्या हातानं फोन धरलेले ट्रकवाले स्वतः बघितलेत.

आणि फक्त फोनच नाही हे पण सांगायला पाहिजे. आपल्याकडं तंबाखू मळायला दोन्ही हात लागतात. डाव्या तळहातावर तंबाखू, उजव्या अंगठ्यानं चुना, आणि स्टेअरिंगला गुडघा. काळी-पिवळीत मागं बारा-पंधरा माणसं बसलेली आणि ड्रायव्हर असा मळत बसलेला हे ज्यानं बघितलं नाही असा माणूस मराठवाड्यात सापडायचा नाही. मग ती थुंकायला दार उघडणं किंवा मान बाहेर काढणं. रस्त्याकडेला देऊळ आलं की हात जोडणं, तिथं माझी पण श्रद्धा आहे, मी पण जोडायचो, आता मनातच म्हणतो. पेट्रोलच्या टाकीवर बसवलेलं लेकरू जे आरशाशी खेळतं. चौकाचौकात वाढदिवसाचे बॅनर असे लावलेले की वळणावर समोरची गाडीच दिसत नाही, आणि माणूस बॅनरवरचे चेहरे वाचत जातो. हे सगळं धोक्याचंच आहे. पण तंबाखू माणूस स्वतः मळतो, त्याला बाहेरून कुणी मळायला लावत नाही. फोन बाहेरून येतो. म्हणून मी फोनवर अडून बसलोय.

आपण आजवर सगळं बोलणं फक्त चालकाशी केलं. वाहन चालवताना मोबाईलवर बोलू नका. एसटीत लिहिलेलं आहे, टोलवर लिहिलेलं आहे, रस्ता सुरक्षा सप्ताहात शाळेची पोरं फलक घेऊन तेच म्हणत फिरतात. आणि कायदा पण आहे, चांगला आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून जो सुधारित मोटार वाहन कायदा लागू झाला त्यात कलम १८४ मध्ये हातात फोन धरून गाडी चालवणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये स्पष्ट घातलेलं आहे, पहिल्यांदा एक हजार ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, तीन वर्षांत परत सापडला तर दहा हजारांपर्यंत. ऑक्टोबर २०२० पासून नियम असा आहे की हातातल्या फोनचा उपयोग फक्त रस्ता बघायला करता येईल आणि तो पण लक्ष विचलित होणार नाही असा. कुणाच्या चुकीनं माणूस मेला तर नव्या न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, जी आधी दोन वर्षं होती. कागदावर काही कमी नाही. पण पोलीस उभा असतो लातूरच्या किंवा संभाजीनगरच्या चौकात, जिथं गाडी तशीही वीसनं चाललेली असते. गेवराई ते माजलगाव, जिंतूर ते येलदरी अशा रस्त्यांवर रात्री साडेसातला कोण पकडणार आहे? नुसत्या दंडानं हे आवरणार असतं तर पाच-सहा वर्षांत आवरलं असतं.

मला खरंच वाटतं की आपण अर्ध्याच माणसाशी बोलतोय. कॉलला दोन टोकं असतात. एका टोकाला जो आहे त्याचे हात, डोळे, डोकं सगळं आधीच गुंतलेलं आहे, त्याला आपण सांगतो की तू संयम ठेव. दुसऱ्या टोकाला जो आहे तो खुर्चीत बसलाय, ओट्यावर बसलाय, त्याला कसलाही त्रास न होता तो फोन ठेवू शकतो, आणि त्याला आपण काहीच सांगत नाही.

आणि चालक फोन उचलतो तो हौसेनं उचलतो असं समजू नका. रील बघत गाडी चालवणारे आहेत, त्यांच्याबद्दल मला काही बोलायचं नाही, त्यांना दंड आणि लायसन रद्द हेच बरोबर. पण बाकीचे का उचलतात? फायनान्सच्या वसुलीवर फिरणाऱ्या पोराला ऑफिसमधनं दर तासाला फोन असतो, आज किती झालं, आता कुठंयस, लोकेशन पाठव. तो उचलत नसेल तर झोपलाय असं समजलं जातं. दुधाच्या पिकअपवाल्याला संकलन केंद्रावरनं. पार्सलवाल्याला गिऱ्हाईकाकडनं, भाऊ कुठं आलात, आमचं घर मारुतीच्या देवळाच्या मागं. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला मुकादमाकडनं, नंबर लागला का, दुसरी खेप होईल का. लग्नाच्या गाडीच्या ड्रायव्हरला दहा जणांकडनं, नवरदेव कुठं पोचला. यातला एकही माणूस म्हणू शकत नाही की मी मालकाचा फोन उचलणार नाही. त्याला जीव आणि पोट यातलं एक निवडायला आपण लावतो आणि वर म्हणतो की तो बेजबाबदार आहे.

बीड जिल्ह्यानं आपले दोन मोठे नेते रस्त्यावर गमावले, गोपीनाथराव मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत, विनायक मेटे १४ ऑगस्ट २०२२ ला मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर. या दोन्ही अपघातांचा फोनशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण दोघंही कुठंतरी वेळेत पोचायला निघालेले होते, मुंडे साहेब विमान पकडून आपल्या माणसांकडं यायला, मेटे साहेब रात्रभर प्रवास करून मुंबईच्या बैठकीला. तेव्हा गावोगाव बंद पाळला, लोक ढसाढसा रडले. मग सीटबेल्टची चर्चा झाली, चौकशीची झाली. आपण ज्याची वाट बघतोय त्याला उशीर होऊ द्यायची आपली तयारी असते का, ही चर्चा झाली नाही. आज पण नेत्याची गाडी निघाली की कार्यकर्त्यांचे फोन ड्रायव्हरलाच जातात, साहेब कुठपर्यंत आले.

कुणी म्हणेल फोन करणाऱ्याला कसं जबाबदार धरणार, गाडी तर तो चालवत नाही. मला सांगा, अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर बाप कुठं गाडी चालवत असतो? तरी २०१९ च्याच कायद्यात कलम १९९अ घातलं, पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे सीटवर नसलेला माणूस पण जबाबदार असू शकतो हे आपल्या कायद्यानं मान्य केलेलं आहे. आणि अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात २०१३ साली अपील कोर्टानं यावर सरळ मत दिलं. एक तरुण गाडी चालवताना मेसेज करत होता, त्यानं समोरनं येणाऱ्या मोटारसायकलवरच्या नवरा-बायकोला उडवलं, दोघांचाही एक-एक पाय गेला. त्यांनी मेसेज पाठवणाऱ्या मुलीवर पण दावा केला. कोर्टानं त्या मुलीला पुराव्याअभावी सोडलं, पण तत्त्व म्हणून हे सांगितलं की समोरचा गाडी चालवतोय आणि तो आत्ताच मेसेज बघणार आहे हे पाठवणाऱ्याला माहीत असेल तर त्याच्यावर पण जबाबदारी येऊ शकते. मी असं म्हणत नाही की आपल्याकडं उद्यापासून प्रत्येक आईवर केस करा. पण नोकरीवर ठेवणाऱ्याला हे लागू का करू नये? अपघात झाला त्या मिनिटाला कंपनीच्या ऑफिसमधनं कॉल चालू होता असं रेकॉर्डवर निघालं तर त्या ऑफिसला विचारायला काय हरकत आहे? गंभीर अपघात असेल तर कॉलची नोंद तपासणं हे पंचनाम्याइतकंच नेहमीचं झालं पाहिजे, निदान माणूस मेलाय तिथं तरी.

२४ जुलै २०१४ ची गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षात असायला पाहिजे, कारण ती गाडी आपल्या नांदेडहून निघालेली होती. नांदेड-सिकंदराबाद पॅसेंजर, तेलंगणातल्या मेदक जिल्ह्यात मासाईपेट गावाजवळ, फाटक नसलेल्या क्रॉसिंगवर शाळेची बस रुळावर आली. पंधराहून जास्त लेकरं गेली. बसचा ड्रायव्हर फोनवर बोलत होता असं तेव्हा सांगितलं गेलं. पुढं २६ एप्रिल २०१८ ला उत्तर प्रदेशात कुशीनगरला असंच झालं, तेरा लेकरं गेली, तिथं ड्रायव्हरच्या कानात इअरफोन होते असं सांगितलं गेलं. ड्रायव्हरांना शिव्या घालून झाल्या, पण नंतर रेल्वेनं जे केलं ते बघा. ब्रॉडगेजवरची मानवरहित क्रॉसिंग एक एक करून काढूनच टाकली, कुठं पूल केला, कुठं भुयारी रस्ता, कुठं माणूस नेमला, आणि जानेवारी २०१९ पर्यंत ती संपवली. ड्रायव्हर सुधारेल याची वाट बघत ते बसले नाहीत. तो चुकला तरी लेकरं मरणार नाहीत अशी व्यवस्था केली.

फोनच्या बाबतीत पण हेच करता येण्यासारखं आहे आणि त्याला पूल बांधायला लागतात तेवढा पैसा पण लागत नाही. कारखान्यांचा दर हंगामाला ऊस वाहतुकीचा करार होतो, त्यात एक ओळ घाला की गाडी चालू असताना चालकाला फोन करायचा नाही, गाडी वजनकाट्यावर किंवा फडात उभी असतानाच बोलायचं, आणि त्याच करारात प्रत्येक ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर पट्टी आणि चालू लाईट असल्याशिवाय काट्यावर घेणार नाही असं पण घाला. काट्यावर गाडी रोज येते, तिथं तपासायला वेगळा माणूस लागत नाही. वसुलीवाल्या, पार्सलवाल्या कंपन्यांनी फिरतीच्या माणसाला फोन करण्याऐवजी त्याच्या थांब्याच्या वेळा ठरवाव्यात, दर दीड तासाला तो थांबून स्वतः फोन करेल, मधल्या वेळात त्याला कुणी डिस्टर्ब करणार नाही, आणि न उचललेल्या फोनवरनं त्याचा पगार कापायचा नाही. शाळेच्या गाड्यांचं तर अगदी सोपं आहे, पालकांच्या ग्रुपवर एकदाच सांगायचं की ड्रायव्हर काकांना फोन करायचा नाही, शाळेत करा. गाडीत दुसरा माणूस असतो, त्याच्याकडं फोन द्या.

फोनमध्ये पण सोय आहे, कुणी वापरत नाही. आयफोनमध्ये २०१७ पासून ड्रायव्हिंगचं सेटिंग आहे, ते चालू केलं की गाडी चालू असताना फोन गप्प राहतो आणि मेसेज करणाऱ्याला आपोआप उत्तर जातं की मी गाडी चालवतोय. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पण तसलं काहीतरी असतं. साध्या फोनवाल्यानं सायलेंट करून डिक्कीत टाकावा. खिशात ठेवला आणि थरथरला की हात जातोच, मी स्वतःवरनं सांगतो.

आता सगळे विचारतात ते, इमर्जन्सी असेल तर? दवाखान्यातनं फोन असेल तर? मी पण यावर खूप विचार केला. समजा खरंच घरी कुणी सिरीयस झालं, आणि तुम्ही चाळीस किलोमीटरवर गाडीवर आहात. तो फोन चालत्या गाडीवर ऐकून तुम्ही काय करणार? उलट ज्या बातमीनं हातपाय गळतात ती बातमी ऐकायची जागा गाडीची सीट नव्हेच, तिथं तर गाडी बाजूला उभी केलेलीच पाहिजे. आमच्या घरी आम्ही असं ठरवलं की लागोपाठ तीन रिंग आल्या तर समजायचं की तातडीचं आहे, मग गाडी रस्त्याच्या खाली घेऊन, स्टँड लावून फोन करायचा. तीन वर्षांत तसा फोन दोनदा आला. बाकीचे जे शेकडो फोन आम्ही आधी करत होतो त्यातला एकही असा नव्हता की जो पाऊण तास थांबू शकला नसता. कोथिंबीर तर आचाऱ्यानं शेजारच्या मळ्यातनं आणली त्या दिवशी.

अवघड भाग वेगळा आहे. आपल्याकडं फोन न उचलणं हा अपमान समजतात. मामानं फोन केला आणि भाच्यानं उचलला नाही तर मामा म्हणतो मोठा झाला आता. आणि काळजी करणाऱ्या आईला फोन करू नको म्हणणं तर अजून अवघड, तिला वाटतं पोराला माझा त्रास होतो. माझ्या आईला हे सांगायला मला तीन-चार महिने लागले. तिला मी एकच सांगितलं की तुझा फोन वाजला की मला तो उचलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून तू करू नको, मी निघताना सांगतो आणि पोचल्यावर सांगतो, मधी कुठं चहाला थांबलो तर तिथनं सांगतो. आधी ती गप्पच बसली. मग म्हणली, मग मला जीवाला चैन कसं पडल? त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. चैन पडत नाही हे खरं आहे, वाट बघणाऱ्याला ते सोसावं लागतं, मोबाईल यायच्या आधी आपल्या आज्या ते सोसतच होत्या.

भाऊ आता परत गाडी चालवतो, थंडीत मांडी दुखते म्हणतो. औशापर्यंत जायचं असलं तरी फोन डिक्कीत टाकतो. तो मला एका शब्दानं कधी बोलला नाही त्या फोनवरनं. पण मी त्याला कधी पण फोन लावला की हॅलो म्हणायच्या आधी विचारतो, गाडीवर हाईस का. नाही म्हणला तर बोलतो. आणि फोन लागला नाही, नुसती रिंगच जात राहिली, की घरात कुणीतरी म्हणतं, असंल गाडीवर, ठिव.